इंधनावरील कर आणि शेतकऱ्याचा रस्ता

शेतांत माल पिकविणें हें शेतकऱ्याच्या हातचें काम आहे. परंतु पिकविलेला माल वेळेवर व धड स्थितींत पेठेस पोंचणें हें बहुतांशीं रस्त्याच्या हातीं असतें. तासगांवचीं द्राक्षें, सांगलीच्या पेठेंत येणारी हळद, कऱ्हाड-वाळवें भागांतील ऊस, वाई-महाबळेश्वराकडील स्ट्रॉबेरी, आटपाडी-माणकडील डाळिंबें, या सर्वांची किंमत केवळ बांधावर ठरत नाहीं. मालाची गाडी किती वेळांत व किती धक्के खाऊन पोंचते यावरहि ती ठरते. असें असूनहि रस्त्याचा पैसा कोठून येतो, तो कोण भरतो व कोणत्या रस्त्यास मिळतो, याचा विचार आपल्या समाजांत फारसा होत नाहीं. खड्डा पडला कीं आपण सरकारास नांवें ठेवतों. पण डिझेलचा डबा भरतांना रस्त्यासाठीं म्हणून कांहीं रक्कम आपण आगाऊच देऊन चुकलों आहों, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. ज्याचा पैसा त्यास हिशेब विचारण्याचा अधिकार आहे; परंतु हिशेब विचारावयाचा तर तो आधीं समजला पाहिजे. म्हणून या विषयाची माहिती प्रस्तुत लेखांत क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

पूर्वींची रीत

मोटारी येण्यापूर्वीं रस्त्यांसाठीं पैसा उभा करण्याच्या दोन मुख्य रीती मुंबई इलाख्यांत होत्या. पहिली नाक्यावरील पट्टीची. १८७५ सालच्या टोलच्या कायद्यान्वयें रस्ते व पूल यांवर नाके बसवून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडून ठराविक दरानें पैसा घेतां येई. दुसरी रीत लोकल फंडाची. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा घेण्यास प्रारंभ झाला व १८६९ च्या कायद्यानें त्यास पक्का आधार मिळाला. या एका आण्याचे तीन भाग कल्पून दोन भाग रस्ते वगैरे बांधकामांस व एक भाग शाळांस, अशी वांटणी असे.

दोन्ही रीतींत दोष होते. नाक्यावर शिपाई व कारकून ठेवावे लागत, त्यामुळें वसुलीचा बराच भाग वसुलीच्या खर्चांतच जाई; गाडी खोळंबे; आणि चुकविणारा आडवाटेनें निघून जाई. लोकल फंडाची वसुली सोपी होती, कारण ती साऱ्याबरोबरच होई. पण तिच्यांत न्याय कमी होता. ज्याच्या दारीं गाडी नाहीं अशा खातेदारासहि आणा द्यावाच लागे, आणि ज्याच्या नांवावर जमीन नाहीं पण ज्याच्या मालानें रस्ता रोज झिजतो असा व्यापारी त्यांतून सुटे. थोडक्यांत, एका रीतींत न्याय होता पण सोय नव्हती, आणि दुसरींत सोय होती पण न्याय नव्हता. पुढें जी इंधनावरील कराची कल्पना निघाली, ती या दोहोंचा मेळ घालण्यासाठींच होय.

जयकर समिति आणि दोन आणे

पहिल्या महायुद्धानंतर मोटार-लॉऱ्यांची संख्या वाढली. बैलगाडीच्या बेतानें केलेले मुरूम-खडीचे रस्ते त्यांच्या वेगापुढें टिकेनात. चाकामागें खडीमधील बारीक माती धूळ होऊन उडून जाई, खडी सुटी पडे व पहिल्या पावसांत रस्ता उखडे. लोकल बोर्डांच्या तिजोऱ्या या खर्चास पुऱ्या पडेनात. तेव्हां १९२७ सालीं हिंदुस्थान सरकारनें एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष बॅ. मुकुंदराव रामराव जयकर हे होते. पुढें पुणें विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां त्याचे पहिले कुलगुरू झाले ते हेच.

या समितीनें १९२८ सालीं आपला अहवाल दिला. त्यांतील मुख्य मुद्दे दोन. रस्त्यांचा भार आतां स्थानिक संस्थांस पेलण्याजोगा राहिला नाहीं, म्हणून मध्यवर्ती सरकारनें त्यांत वांटा उचलावा; आणि त्यासाठीं लागणारा पैसा पेट्रोलवर जादा कर बसवून उभारावा. त्यास अनुसरून मार्च १९२९ मध्यें पेट्रोलवरील कर गॅलनमागें चार आण्यांवरून सहा आणे करण्यांत आला, आणि वाढविलेले दोन आणे निराळे काढून त्यांचा मध्यवर्ती रस्ता निधि करण्यांत आला. त्यांतील एक दशांश भाग मध्यवर्ती सरकार संशोधन व तत्सम कामांसाठीं राखून ठेवी, आणि बाकीचा ज्या प्रांतांत जितकें पेट्रोल खपलें त्या प्रमाणांत प्रांतांस वांटून दिला जाई. सांगली संस्थानानें कृष्णेवर बांधलेला आयर्विन पूल वाहतुकीस खुला झाला, तोहि याच १९२९ सालीं.

इंधनावरील कर इतर करांहून सोयीचा कां, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. पहिलें कारण, जो अधिक चालवितो त्याच्या टाकींत अधिक इंधन जातें, म्हणून तो आपोआप अधिक कर देतो. दुसरें, हा कर तेलाच्या कारखान्यावर किंवा बंदरावर थोड्याच ठिकाणीं वसूल होतो. गांवोगांव कारकून ठेवावा लागत नाहीं. तिसरें, तो चुकविणें अवघड असतें. चौथें, तो एकदम मोठ्या रकमेनें नव्हे तर प्रत्येक लिटरबरोबर थोडा थोडा दिला जातो, म्हणून देणाऱ्यास बोचत नाहीं. मात्र या चौथ्या गुणांतच एक दोष दडलेला आहे: जो कर बोचत नाहीं, त्याचा हिशेबहि कोणी विचारीत नाहीं.

राखीव पैशास लागणारी गळती

एका कामासाठीं म्हणून घेतलेला पैसा त्याच कामीं लागेल, याची हमी केवळ नांवानें मिळत नाहीं. विलायतेचें उदाहरण पाहावें. तेथें १९०९ च्या अंदाजपत्रकांत पेट्रोलवर गॅलनमागें तीन पेन्स कर बसवून तो रस्त्यांच्या सुधारणेस वाहण्यांत आला व १९२० सालीं त्यासाठीं रस्ता निधि स्थापन झाला. परंतु निधींत शिल्लक दिसूं लागतांच अर्थमंत्री चर्चिल यांनीं १९२६ व १९२७ सालीं तींतील रकमा सामान्य तिजोरीकडे ओढल्या, आणि १९३७ सालीं तर कराचा पैसा थेट निधींत जमा करण्याची पद्धतच बंद झाली.

अमेरिकेंत १९१९ सालीं ऑरेगन राज्यानें गॅलनमागें एक सेंट असा पेट्रोल-कर प्रथम बसविला. तेथील मध्यवर्ती सरकारनें १९५६ सालीं महामार्गांसाठीं स्वतंत्र निधि केला. त्यांतून मोठे रस्ते झाले. पण तेथें कराचा दर गॅलनमागें १८.४ सेंट असा १९९३ सालीं ठरला तो पुढें तीस वर्षें उलटलीं तरी वाढला नाहीं. डांबर, खडी व मजुरी महाग होत गेली. कर मात्र तेवढाच राहिला. म्हणजे विलायतेंत निधि उचलला गेला, आणि अमेरिकेंत तो जागच्या जागीं आटला.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार थोड्याबहुत प्रमाणांत घडले. १९४३ सालीं देशांतील मुख्य अभियंते नागपुरास जमले व त्यांनीं वीस वर्षांची रस्ते-योजना आंखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग हे जे वर्ग आज आपण ऐकतों, ते मूळ त्या नागपूर योजनेंतले. योजना मोठी होती. परंतु रस्ता निधि मात्र महागाईच्या मानानें वाढला नाहीं. १९९८ पूर्वीं कित्येक वर्षें या निधीस लिटरमागें अवघे साडेतीन पैसे मिळत. तेवढ्यांत मैलाचा एक दगड रंगविणेंहि कठीण.

सध्यांच्या व्यवस्थेचें मूळ

जून १९९८ मध्यें पेट्रोलवर लिटरमागें एक रुपया व १९९९ मध्यें डिझेलवरहि एक रुपया उपकर बसला. २००० सालीं केंद्रीय रस्ता निधि कायदा झाला व या उपकरास कायद्याचा आधार मिळाला. त्या कायद्यांतील मूळ वांटणी शेतकऱ्यानें मुद्दाम लक्षांत ठेवावी अशी आहे. डिझेलवरील एक रुपयापैकीं निम्मे, म्हणजे ५० पैसे, ग्रामीण रस्त्यांस. उरलेल्या ५० पैशांपैकीं शेंकडा ५७.५ राष्ट्रीय महामार्गांस, म्हणजे २८.७५ पैसे, शेंकडा ३० राज्यांच्या रस्त्यांस, म्हणजे १५ पैसे, आणि शेंकडा १२.५ रेल्वेवरील पूल वगैरेंस, म्हणजे ६.२५ पैसे. पेट्रोलच्या रुपयांतून मात्र ग्रामीण रस्त्यांस कांहीं नव्हतें. तो सगळाच या दुसऱ्या प्रमाणानें वांटला जाई. २५ डिसेंबर २००० रोजीं सुरू झालेली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना चालली ती मुख्यतः डिझेलच्या या निम्म्या वांट्यावर. सपाट मुलखांत ५०० व डोंगरी मुलखांत २५० लोकवस्तीच्या वाड्यावस्त्यांस बारमाही रस्ता द्यावा, हा तिचा मूळ उद्देश होता. पाटण-जावळीच्या डोंगरांतील वाड्या आणि जतच्या उजाड माळावरील वस्त्या यांस अशा योजनेचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

राज्यांच्या वांट्याचें प्रमाणहि बदलत गेलें. प्रथम इंधनाच्या खपास शेंकडा ६० व क्षेत्रफळास शेंकडा ४० असें वजन होतें. २०१४-१५ पासून खपास ३० व क्षेत्रफळास ७० असें झालें. जेथें डिझेल फार खपतें त्या महाराष्ट्रासारख्या राज्यास हा बदल ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

उपकर २००३ सालीं दीड रुपया, २००५ सालीं दोन रुपये, २०१५ सालीं सहा रुपये व २०१८ सालीं आठ रुपये झाला. वरवर पाहतां हें रस्त्यांचें भाग्य उजळल्यासारखें दिसतें. परंतु २०१५ व २०१८ च्या वाढींत ग्राहकावरील एकंदर बोजा वाढला नाहीं. पूर्वीं जी रक्कम साध्या अबकारी कराच्या किंवा दुसऱ्या जादा कराच्या नांवें घेतली जाई, तीच उपकराच्या नांवावर घालण्यांत आली. नांव बदलल्यानें काय होतें, असें कोणी विचारील. फरक मोठा आहे. साधा अबकारी कर केंद्र व राज्यें यांच्यांत वांटला जातो. उपकर घटनेप्रमाणें वांटणींतून वगळलेला असतो व सगळा केंद्राकडे राहतो. शिवाय २०१८ सालीं निधीचें नांव केंद्रीय रस्ता व पायाभूत सुविधा निधि असें झालें. तेव्हांपासून त्यांतून रस्त्यांखेरीज जलमार्ग, वीज व इतर सोयींच्या कामांसहि पैसा देतां येतो. पात्र मोठें झालें, पण त्यास तोंडेंहि पुष्कळ झालीं.

राज्य सरकार पेट्रोल-डिझेलवर निराळा मूल्यवर्धित कर घेतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला तेव्हां हीं इंधनें त्याच्या बाहेर ठेवण्यांत आलीं, म्हणून हा कर राहिला. तो सामान्य तिजोरींत जातो. रस्त्यांस बांधलेला नाहीं. ऑक्टोबर २०१५ मध्यें महाराष्ट्रांत दुष्काळनिवारणासाठीं लिटरमागें दोन रुपये जादा बसले, तेहि इंधनावरच. दुष्काळाचें काम रास्तच होय. पण इंधन हें वसुलीचें किती सोपें स्थान आहे तें यावरून दिसतें. म्हणून पंपावर आपण देतों तो सर्वच कर रस्त्याचा, अशी समजूत चुकीची आहे. रस्त्यासाठीं म्हणून बांधलेला भाग उपकर तेवढाच, आणि तोहि आतां सगळा रस्त्याचा उरलेला नाहीं.

भार न्यायानें पडतो काय?

इंधनावरील करांत न्याय आहे असें वर म्हटलें; पण तो पुरा नाहीं. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांत १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वजनी गाड्या फिरविण्याचे प्रयोग झाले. त्यांत असें आढळलें कीं, रस्त्याची झीज आंसावरील वजनाच्या सुमारें चौथ्या घातानें वाढते. वजन दुप्पट केलें तर झीज सोळापट. ठरल्या वजनापेक्षां शेंकडा वीस जादा भरलें तरी झीज दुपटीहून कांहीं अधिक होते. अशा जादा वजनाच्या गाडीस डिझेल मात्र थोडेंच अधिक लागतें. म्हणून मोटारसायकलवाला आपल्या झिजेच्या मानानें फार अधिक कर देतो, व जादा भरलेली गाडी फार कमी देते. ऊसाच्या हंगामांत कारखान्याच्या वाटेवरचे रस्ते दोन महिन्यांत कां फुटतात, याचें उत्तर यांत आहे. एका खेपेचें भाडें वांचविण्यासाठीं ट्रॉली जादा भरणारा आपल्याच गांवचा रस्ता मोडीत असतो, आणि त्याची दुरुस्ती होईपर्यंत सर्वांचा ऊस खड्ड्यांतून जातो.

दुसरा अन्याय थेट शेतकऱ्यावर आहे. नांगरट, रोटर, मळणी किंवा विहिरीवरचें इंजिन यांत जळणारें डिझेल डांबरी रस्त्यास स्पर्शहि करीत नाहीं, तरी त्यावर रस्त्याचा उपकर पडतोच. २०१८ च्या आठ रुपये दरानें, दिवसाच्या नांगरटीस ४० लिटर डिझेल जाळणाऱ्यानें त्या एका दिवसांत ३२० रुपये रस्त्यासाठीं दिले, आणि त्याचें चाक मात्र ढेंकळांतच फिरलें. विलायतेंत शेतीच्या डिझेलास लाल रंग घालून तें कमी करानें देतात व रस्त्यावरच्या गाडींत लाल डिझेल आढळल्यास दंड करितात. अमेरिकेंतहि अशीच रंगाची व्यवस्था आहे. आपल्या राज्यांत मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांस त्यांच्या सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील राज्याच्या कराचा परतावा देण्याची पद्धत आहे. मग शेतकऱ्यास विकास सोसायटीमार्फत एकरी ठराविक लिटरचा परतावा कां मिळूं नये, हा प्रश्न रास्त आहे. गैरवापराची भीति खरी आहे. पण सात-बारा व पीकपाहणी यांच्या आधारें मर्यादा घालतां येईल. तोंवर निदान इतकी मागणी तरी हक्काची आहे कीं, शेतांत जळणाऱ्या डिझेलचा पैसा ग्रामीण रस्त्यांस पुरा मिळावा.

पैसा जेथें पोंचत नाहीं

नवा रस्ता करणें सरकारास व पुढाऱ्यांस आवडतें, कारण त्याचें उद्‌घाटन होतें. डागडुजीचें उद्‌घाटन होत नाहीं. पण रस्त्याचें आयुष्य डागडुजीवर असतें. आपल्या दोन जिल्ह्यांत रस्त्याचा मुख्य शत्रु पाणी आहे. पश्चिमेस महाबळेश्वर-कोयनेकडे पावसाचा मारा. कृष्णाकांठीं काळी जमीन, जी पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. आणि ऑगस्ट २०१९ सारखा महापूर आला तर रस्ते कित्येक दिवस पाण्याखालीं. बाजूचें गटार बुजलें कीं पाणी रस्त्याच्या पोटांत मुरतें, पाया मऊ होतो व वरचें डांबर आपोआप बसतें. गटार वेळीं काढण्याचा खर्च थोडा, आणि तो न केल्यानें होणारा खर्च अनेक पटींचा असतो.

त्याहून मोठी उणीव पाणंदींची. शेतापासून गांवरस्त्यापर्यंतचे पहिले दोन-चार फर्लांग हेच शेतकऱ्यास सर्वांत महाग पडतात. पण पाणंद वरील पांच वर्गांपैकीं कोणत्याच वर्गांत सहसा नसते, म्हणून उपकराचा पैसा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. तिला आधार मिळाला तो दुसऱ्या एका राखीव पैशाचा. तासगांव तालुक्यांतील विसापूरचे वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं त्याच भागांत रोजगार हमीच्या कल्पनेचा प्रथम प्रयोग झाला, आणि १९७७ सालीं त्याचा कायदा झाला. त्यासाठीं व्यवसाय कर, मोटारगाड्यांवरील जादा कर, बागायत जमिनीवरील विशेष आकार वगैरे उत्पन्न राखून ठेवण्यांत आलें व तितकीच भर सरकारनें घालावी असें ठरलें. शहरांतील पगारदाराच्या करावर खेड्यांतील मजुरास काम व खेड्यास रस्ता, ही त्यांतील योजना देशास पुढें आदर्शभूत झाली. मात्र त्या कामांतील पुष्कळ रस्ते मातीचेच राहिले. खडीचा खर्च मजुरीच्या योजनेंत बसत नसे, व दोन पावसाळ्यांत ते पूर्ववत् होत. २०२१ सालीं राज्यानें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत व पाणंद रस्ते योजना काढली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठीं.

शेतकऱ्यानें काय करावें

महसूल खात्यांतील कारकुनींत मला असें दिसून आलें कीं, रस्त्यासंबंधीचे बरेच अर्ज निकालीं निघत नाहींत, कारण ते भलत्याच कचेरींत दिलेले असतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

१. प्रथम रस्त्याचा वर्ग पाहावा. राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. अर्जांत रस्त्याचा क्रमांक व कोणत्या किलोमीटरांत खराबी आहे तें लिहावें.

२. ग्राम सडक योजनेच्या रस्त्यावर खर्च, लांबी व ठेकेदार यांचा फलक असतो. काम पुरें झाल्यापासून पांच वर्षें देखभालीची जबाबदारी ठेकेदारावरच असते. फलकावरील तारीख उतरून घ्यावी व मुदतींतच लेखी तक्रार करावी. मुदत संपल्यावर तीच दुरुस्ती नव्या मंजुरीची वाट पाहत बसते.

३. पाणंदीसाठीं गांवनकाशाची नक्कल काढावी. नकाशांत गाडीवाट दोन तुटक रेषांनीं व पायवाट एका तुटक रेषेनें दाखविलेली असते. असलेली वाट कोणी अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खालीं, आणि शेतास वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं बांधावरून वाट मिळण्यासाठीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. दोन्ही कामें निराळीं आहेत. त्यांची गल्लत करूं नये.

४. शेतसाऱ्याबरोबर जिल्हा परिषदेचा स्थानिक उपकर १९६१ च्या कायद्यानें दर रुपयास २० पैसे ठरविलेला आहे. तो जुन्या एका आण्याचाच वारस होय. रक्कम लहान असली तरी तिच्या नात्यानें ग्रामसभेंत रस्त्यांचा जमाखर्च मागण्यास संकोच करूं नये.

५. बांधाकडेचें पाणी रस्त्यावर सोडूं नये, गटार बुजवून शेत वाढवूं नये, आणि ट्रॉली प्रमाणांतच भरावी. या तिन्ही गोष्टींस सरकारचा एक पैसाहि लागत नाहीं.

पुढील काळ

इंधनावरील कराची ही व्यवस्था कायम राहील असें समजूं नये. विजेवर चालणारीं वाहनें वाढत आहेत; तीं रस्ता झिजवितात, पण पेट्रोल-डिझेल घेत नाहींत. ज्या ऑरेगननें १९१९ सालीं हा कर प्रथम काढला, त्यानेंच २०१५ पासून स्वेच्छेनें येणाऱ्या वाहनांकडून मैलाप्रमाणें आकार घेण्याची योजना चालविली आहे. आपल्याकडे पुणें-बंगळूर महामार्गावर आनेवाडी व तासवडें येथें टोल घेतला जातो, म्हणजे उपकर देऊनहि नाक्याची जुनी रीत परत आलेलीच आहे. जेव्हां मैलाचा आकार किंवा अन्य नवी रीत येईल, तेव्हां तिचे नियम मोठ्या रस्त्यांकडे पाहून केले जाण्याचा संभव अधिक. त्या वेळीं शेतीच्या कामास सूट, वजनाच्या मानानें आकार, आणि उत्पन्नाचा ठराविक भाग ग्रामीण रस्ते व पाणंदी यांच्या दुरुस्तीस कायद्यानें बांधलेला, या तीन मागण्या शेतकरी संस्थांनीं आतांपासूनच एकमुखानें मांडावयास पाहिजेत. १९२९ सालचे दोन आणे पुढें कोठें गेले हें विचारणारें कोणी नव्हतें, म्हणून त्यांचे साडेतीन पैसे झाले. पुढच्या रुपयाचें तसें होऊं नये अशी इच्छा असेल, तर त्याचा हिशेब दरसाल विचारणें हें आपलें काम आहे.